जोरात म्हणू का?

ईशानीने सहल कंपनीला स्वतःहून मेल पाठवला. 'धावते मुक्काम' या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या बनारस भागाचं चित्रीकरण जिथे जिथे झालं त्या सगळ्या जागा मला ठाऊक आहेत, मी इथलीच आहे, मराठी आहे, रविवारी बँकेला सुट्टी असते, तेव्हा त्या दाखवायला येईन, असं लिहिलं. आडनाव घातलं नाही. दोन दिवसांत होकार आला. चाहत्यांच्या तुकडीसोबत खुद्द विजेता सुशांत येणार असल्याचंही त्यात होतं. ते तिला ठाऊक होतंच. मेल पाठवला होता तो त्याच्यासाठीच.

दोन वर्षांपूर्वी 'धावते मुक्काम'वाले बनारसला आले तेव्हा त्यांना बालाजी घाटासाठी एक मराठी शास्त्री हवे होते. कुणीतरी तिच्या वडिलांचं नाव सुचवलं. शिवरामशास्त्री पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. मुलांना घाटांचा क्रम पाठ व्हावा म्हणून त्यांनी एक श्लोक रचला होता. सिंधिया घाटापासून बालाजी घाटापर्यंतची दहा नावं त्यात ओळीने येत. स्पर्धकाने तो श्लोक अर्ध्या तासात पाठ करून शास्त्रींसमोर न चुकता म्हणायचा आणि पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी घ्यायची, असा खेळ होता.

सुशांतने पहिल्याच खेपेला श्लोक म्हटला. म्हणताना त्याचा डावा हात मांडीवर उताणा होता. मग त्याला पाणी द्यायला ईशानी वाकली, तेव्हा तळव्यावर बॉलपेनने लिहिलेल्या दोन ओळी तिला दिसल्या. बाबांनाही दिसल्या होत्या. ते कॅमेऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "खाली जाऊन हात धुऊन या. मग पुन्हा म्हणा."

हात धुऊन आल्यावर त्याला श्लोक येईना. तीनदा चुकला. तेवढ्यात घाटाजवळून मोटारीची नाव गेली, म्हणून बाबांनी कानामागे हात धरला. टीव्हीवर नेमकं तेवढंच दाखवलं. सुशांत म्हणतोय त्यावर संगीत, मग बाबांचा कानामागचा हात, मग एकट्या सुशांतचा ओला डोळा. "मी बरोबरच म्हणत होतो. शास्त्रीबुवांना ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू? शेवटी विचारलंसुद्धा, जोरात म्हणू का?"

त्याने असं काही विचारलंच नव्हतं. पण ते वाक्य गाजलं. लोकांनी भरभरून मतं देऊन त्याला स्पर्धेत ठेवलं, तो जिंकला, आणि 'जोरात म्हणू का?' लिहिलेले टीशर्ट निघाले. बनारसमध्ये त्याचं हिंदी झालं. बाबा गल्लीतून निघाले की पोरं ओरडायची, "गुरुजी, ज़ोर से बोलूँ?" पाठशाळेच्या मंत्र्यांनी, म्हणजे चिटणीसांनी, एकदा घरी येऊन अदबीने सांगितलं, "गुरुजी, अब आराम कीजिए।" छत्तीस वर्षांची शिकवणी एका चहात संपली. बाबांनी घाटावर स्नानाला जाणं सोडलं. घरात बादलीने आंघोळ करू लागले.

"मी सांगते ना सगळ्यांना हातावरचं," ईशानी म्हणाली होती.

"नाही सांगायचं. पोराचं आयुष्य आहे समोर. एका चुकीसाठी त्याचं तोंड काळं करायचं का?"

"आणि तुमचं?"

बाबा बादली घेऊन मोरीकडे गेले होते. तिने कुणाला सांगितलं नाही, पण ती विसरली नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मुन्शी घाटावर सतरा माणसं जमली. पुण्याची, नाशिकची, दोघं थेट कोल्हापूरहून आलेली. सुशांत थोडा जाड झाला होता, गॉगल डोक्यावर सरकवलेला. ईशानीला त्याने ओळखलं नाही. ज्या मुलीने पाणी दिलं होतं तिच्याकडे त्याने त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"इथे नाव लागली होती," ईशानीने सगळ्यांना दाखवलं. "आणि त्या पायरीवरून सुशांतजींचा पाय घसरला होता." लोकांनी त्या पायरीचे फोटो काढले. दशाश्वमेधवर फुलांच्या टोपल्या घेऊन स्पर्धक कुठून पळाले ते तिने दाखवलं. तिचं काम चोख होतं. सुशांत खूश झाला. "तुम्ही तर आमच्या युनिटपेक्षा भारी आहात," म्हणाला.

मग नाव केली. नावेत बसल्यावर तिने पिशवीतून कागद काढले आणि प्रत्येकाला एक दिला. बाबांचा श्लोक, मोठ्या अक्षरात छापलेला.

"बालाजी घाट येईपर्यंत पाठ करायचा. बघू या, आपल्यात कोण पुढचा मुक्काम गाठतं!"

लोकांना भारी मजा वाटली. शरदिनीताई म्हणून नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी तर सगळ्यांना कामालाच लावलं. सिंधिया, संकठा, गंगामहल, भोसले, गणेश, मेहता, राम, जटार, ग्वाल्हेर, बालाजी. बाजूने तेच घाट एकेक करून सरकत होते आणि नावेतून सतरा आवाज घुमत होते. सुशांत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. कागद त्याने घडी करून खिशात टाकला होता.

बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर शरदिनीताईंनी श्लोक बिनचूक म्हटला. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आता सुशांतदादा!"

"अरे, मी सुट्टीवर आहे," तो हसला.

"एकदाच," ईशानी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही बरोबर म्हटला होतात आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही. आज सतराजण ऐकताहेत."

फोन वर झाले. तो उभा राहिला. "जोरात म्हणू का?" त्याने विचारलं, आणि सगळे खदखदून हसले. ईशानीही हसली.

त्याने सुरुवात केली. भोसल्यांपर्यंत आला. गणेश आठवला, मेहता आठवला. समोर लोक कागदावर बोट ठेवून ऐकत होते, जसे शिक्षक ऐकतात. तो रामापाशी अडखळला, मग घाईने ग्वाल्हेर म्हणाला, बालाजी म्हणाला आणि हात जोडले.

कुणी काही बोलण्याआधी वरून आवाज आला.

"जटार राहिला."

ईशानी दचकली. घाटावर उघडणाऱ्या त्यांच्या घराच्या खिडकीत बाबा उभे होते. रविवारी या वेळी ते बिंदुमाधवकाकांकडे असतात, म्हणून तिने ही वेळ ठरवली होती. आज गेले नव्हते.

सगळ्यांनी माना वर केल्या. शरदिनीताईंनी कागद पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की. जटार राहिला. पण ह्यांना तर ऐकू येत नव्हतं ना?"

"त्यांना नेहमीच ऐकू येत होतं," ईशानी म्हणाली. "मी त्यांची मुलगी. सुशांतजी, पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर म्हणालात, कारण श्लोक तळहातावर लिहिलेला होता. बाबांनी तुम्हाला हात धुऊन यायला सांगितलं. धुऊन आल्यावर तीनदा चुकलात. ह्या पायरीवर पाणी प्यायलात, ते मी दिलं होतं."

"ईशानी, पुरे," वरून बाबा म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. "बाबांनी हे कुणाला सांगितलं नाही. तुमचं आयुष्य समोर आहे म्हणाले. त्यांची पाठशाळा सुटली. पोरं त्यांना तुमचं वाक्य ऐकवतात. आता सांगा, मी खोटं बोलतेय का?"

सुशांतने ओठ ओले केले. "ते... एडिटिंग चॅनलचं होतं."

"हात कुणाचा होता?"

त्याने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला. सतरातल्या निदान बारांनी ते सगळं टिपलं. कोल्हापूरच्या मुलाने अंगातल्या टीशर्टवर जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडे गेला. मंगळवारी पुढच्या सहली रद्द झाल्या. ईशानी बँकेत जेवणाच्या सुट्टीत त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचायची, एकूण एक. जितकी जास्त जहरी, तितकी सावकाश. बाबा तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पाठशाळेचे मंत्री मिठाई घेऊन आले, "गुरुजी, कल से आइए।" बाबांनी नम्रपणे नाही म्हटलं. मुलांना घरी पाठवा, म्हणाले.

त्याच आठवड्यात सुशांत आला. एकटा, गॉगलशिवाय. बाबांनी त्याला आत बोलावलं, सतरंजीवर बसवलं. तो त्यांच्या पाया पडला. "चुकलो, गुरुजी." बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "झालं ते झालं. मनात काही ठेवू नका." दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

"ईशानी, चहा टाक."

ती दारात उभी होती. "आत्ता जे बोललात ते कॅमेऱ्यासमोर बोला," ती सुशांतला म्हणाली. "बाबांचं नाव घेऊन. मग चहा."

"ताई, करार आहे. कार्यक्रमाबद्दल मला तसं बोलता येत नाही."

"मग बिनचहाचे जा."

तो बाबांकडे पाहत राहिला. बाबांनी मान खाली घातली. सुशांत उठला, बूट घातले आणि जिना उतरून गेला.

"दारात आलेल्या माणसाला असं घालवतात?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला राग येत नाही, बाबा. ते तुमचं. मला येतो. दोन वर्षं येतोय."

"अजून किती दिवस येणार आहे?"

ईशानीने विचार केला. तिला वाटलं होतं, घाटावरच्या त्या सकाळनंतर राग उरणार नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

खालून मुलांच्या चपलांचे आवाज आले. बाबांनी उपरणं सारखं केलं आणि सतरंजी ओढून नीट घातली. ईशानी खिडकीशी गेली. सुशांत पायऱ्यांवरून एकटाच, सावकाश चालला होता. तो वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.