नाकाशेजारची फट

सभागृहात खुर्च्या साठ आणि माणसं दोनशे. मागचे बाप खुर्च्यांवर उभे होते, बायांनी धाकटी पोरं कडेवर घेतली होती. व्यासपीठावर नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. डोळ्यांवर कापसाचे बोळे, त्यावर काळी मखमली पट्टी, आणि त्या थाटात ती वर्तमानपत्राचा मथळा वाचत होती. अक्षर न् अक्षर. कागद छातीशी, मान जराशी वर, जणू कागदाचा वास घेतेय. मथळा संपला तरी आधी टाळी पडली नाही. दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि मग छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

ती पट्टी मी बांधली होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी इतरांना शिव्या घालणार आहे, तेव्हा माझा वाटा कुणी विसरायला नको.

त्या उन्हाळी शिबिरात मी ताई होते. ताई म्हणजे बारा मुलींची तीन आठवड्यांची आई, शिपाई आणि पंच. उवा काढायच्या, भांडणं सोडवायची, पोहायच्या तलावात उतरताना डोकी मोजायची आणि वर आल्यावर पुन्हा मोजायची. शिवाय औषधांची पेटी माझ्याकडे. ज्या मुलीला औषध चालू असेल, तिचे पालक पहिल्या दिवशी ते चिठ्ठी लावून माझ्या हातात देत. पालकांनी सहीनिशी लिहून दिलं असेल तेवढंच द्यायचं, वेळेवर द्यायचं आणि वहीत सही करायची. नियम चांगला होता. त्यानेच घात केला.

माझ्या बारा जणींत एक होती खारूताई. बिस्किटाचे तुकडे उशीखाली साठवायची म्हणून मुलींनीच ठेवलेलं नाव. आठ वर्षांची, जाड चष्म्याची. तिच्या डोळ्यांतला दाब वाढायचा, म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब. आई शिवणकाम करणारी, घरात दोघीच. पहिल्या दिवशी बाटली देताना ती म्हणाली होती, "ताई, एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका. शिबिर संपलं की ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणालेत, गेलेली नजर परत आणता येत नाही, आहे ती राखायची."

मी म्हणाले, "काळजी करू नका." किती सहज म्हणतो आपण हे.

तिसऱ्या दिवशी पट्टीसर आले. हे नावही मुलींचंच. छापील पत्रकावर त्यांची ओळख 'अंतर्नेत्र मार्गदर्शक' अशी होती. ना दाढी, ना माळा, ना राख. इस्त्रीचा शर्ट आणि कॉलरला चिमूटभर माइक. हल्ली भोंदूंनी धोब्याकडे खातं उघडलंय, म्हणून शिकलेली माणसं त्यांना भोंदू म्हणायला लाजतात.

"मेंदूला तीन मजले असतात," सर सांगत. "खालच्या मजल्यावर भूक राहते, वरच्या मजल्यावर गणित. मधल्या मजल्याला आपण कुलूप घालून बसलोय. मी कुणी संत नाही हो. मी साधा किल्लीवाला. मूल जन्मतःच सगळं बघत असतं. डोळे ही नंतर लागलेली सवय आहे."

डोळे ही नंतर लागलेली सवय, हे वाक्य एका बापाने वहीत उतरवून घेतलं. तो शाळेत विज्ञान शिकवत होता.

वर्ग बंद दाराआड चाले. मुलींना आडवं झोपवायचं, संथ संगीत लावायचं, आणि मग मी सरांनी शिकवल्याप्रमाणे पट्ट्या बांधायच्या. "नाक मोकळं राहू द्या, ताई. श्वास अडला की लहर अडते." कार्ड हृदयाशी धरायचं, कारण कंपन हृदयातून येतं. मान वर करून वास घ्यायचा, कारण रंगाला वास असतो. ओळखलं की वहीवर चांदणी. नाही ओळखलं तर सर तिच्या डोक्यावरून हात फिरवत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "तुझा दोष नाही बेटा. तुझ्या मनात शंका आहे. शंका मुलांना घरून मिळते, आईबापांकडून."

आता मला सांगा, यानंतर कोणतं मूल म्हणेल की मला दिसत नाही?

पहिल्या रविवारी पालकांना बोलावलं होतं. मथळा वाचणाऱ्या मुलीनंतर खारूताईची पाळी आली. तिच्या मागे तिची मैत्रीण बसली होती, पोपट. झोपेतही बडबडते म्हणून पोपट. ऊर्जा मिळावी म्हणून तिने खारूताईच्या पाठीवर हात ठेवला होता. चष्मा काढला, मी पट्टी बांधली, सरांनी कार्डं धरली. "लाल," खारूताई म्हणाली. "निळा. निळा. पिवळा. लाल." पाचही बरोबर.

तिची आई उठून उभी राहिली आणि परत बसली. हातातल्या पिशवीत तोंड खुपसून रडली.

"आता थेंब कशाला, माउली?" सर माइकवरून म्हणाले. "दार उघडतंय, आणि तुम्ही त्याला बाहेरून कुलूप ठोकताय. तीन आठवडे रसायन बंद ठेवा. मग त्या डॉक्टरांनाच माझ्याकडे पाठवा."

अर्ध्या तासाने ती माझ्या समोर उभी. हातात कागद. आजपासून थेंब देऊ नयेत, खाली सही.

"अहो, निदान डॉक्टरांना एक फोन करा," मी म्हणाले.

"ताई, पट्टी कोणी बांधली होती?"

"मी."

"सैल बांधली होती?"

"नाही."

"मग?"

 मलाही ते कोडं सुटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते खरं असावं असं मलाही थोडं वाटत होतं. मी संचालकबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "लेखी आहे ना? मग आपला प्रश्न मिटला." बाटली आई घेऊन गेली. मी वहीत लिहिलं, 'पालकांच्या सूचनेनुसार बंद', आणि खाली सही केली. माझी सही छान येते. त्या दिवशीही छान आली.

नवव्या दिवसापासून खारूताई उन्हाकडे पाठ करून उभी राहू लागली. डावा डोळा गळायचा. डोकं दुखतं म्हणून जेवणाचं ताट ढकलायची. एकदा दिव्याकडे बघून म्हणाली, "ताई, याच्याभोवती रंगीत कडं आहे." मी सरांना सांगितलं. त्यांना केवढा आनंद झाला. "आभा दिसायला लागली तिला. इतक्या लवकर कुणालाच दिसत नाही."

मी तिच्या आईला फोन केला. "सर म्हणाले होते, पडदा सरकताना दुखणारच," ती म्हणाली. तिचं मशीन फोनमध्ये चालू ऐकू येत होतं. "थोडं सोसायला सांगा तिला."

समारोपाच्या आदल्या दुपारी तलावाकाठी मुली आंधळी कोशिंबीर खेळत होत्या. जिच्यावर राज्य, तिच्या डोळ्यांवर पोहायचा चष्मा, आणि त्याच्या काचांना आतून ओला चिखल थापलेला. मला हसू आलं. "अगं, सभागृहात मखमली पट्ट्यांचा ढीग पडलाय. हा चिखल कशाला?"

"पट्टीतून सगळ्यांनाच दिसतं ना, ताई," मथळा वाचणारी म्हणाली. पाणी ओलं असतं म्हणावं, तितक्या सहज तिने हे सांगितलं. "नाकाशेजारी फट राहते. मान वर केली की खालचं सगळं दिसतं. मग खेळात मजा काय?"

मी काठावर बसले. 

"मला नाही दिसत," खारूताई म्हणाली. "फटीतून पण सगळं पांढरं पांढरंच दिसतं. पोपट टिचक्या मारते पाठीवर."

 पोपट म्हणाली, "एक टिचकी लाल, दोन निळा, तीन पिवळा. तिला नाही आलं असतं तर सर म्हणाले असते, आईच्या मनात शंका आहे. तिची आई केवढी लांबून आली होती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

 पोपटच बोलली. "पट्टी तुम्हीच बांधायचात ना. आम्हाला वाटलं, मोठ्यांना माहीत आहे."

ऑफिसातून खारूताईच्या आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्या पोरीचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?" आणि फोन ठेवला. मुलीला डॉक्टरकडे नेते म्हणाले, तर पालकांच्या सहीशिवाय फाटक उघडेना. संचालकबाई म्हणाल्या, "उद्या समारोप आहे. बभ्रा नको." दुसऱ्या दिवशी मी पोहायचे दोन चष्मे आणि इलेक्ट्रिशियनकडून काळ्या चिकटपट्टीचं एक रीळ घेतलं.

समारोपाला गर्दी दुप्पट होती. सर रंगात आले होते. मी व्यासपीठावर चढले आणि पहिल्या रांगेतल्या एका बस ड्रायव्हर बापाला वर बोलावलं. कापूस लावला, पट्टी बांधली, शिकवली होती तशीच, नाक मोकळं ठेवून. त्याच्या छातीशी मी शिबिराचं पत्रक धरलं.

"मान जरा वर करा, काका. काय लिहिलंय?"

"अंतर्नेत्र मार्गदर्शक," काका म्हणाले आणि दचकले. "आयला. माझा पण मजला उघडला की काय?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. "तुमचं वय किती?"

"बावन्न. आणि ताई, मला नाकाखालून दिसतंय हो. माझे बूट पण दिसतायत."

हसू थांबलं. मी पोहायचा चष्मा आतून काळी चिकटपट्टी लावून मथळेवालीला घातला. तो डोळ्यांच्या खोबणीला घट्ट बसतो, फट राहत नाही. तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं. तिने मान वर केली. आणखी वर केली. मग कागद खाली ठेवला.

"शंकेची लहर आहे इथे," सर म्हणाले. "मुलं कोमेजतात."

"मग चष्मा तुम्ही घाला, सर."

"मी प्रौढ आहे. माझा मजला बंद झालाय."

"मग किल्ली कुठून आणलीत?"

मागून कुणीतरी ओरडलं, पण माझ्यावर. या बाईला खाली उतरवा. पोरांचं वाटोळं करतेय. पैसे भरलेल्या माणसाला आपण फसलो हे ऐकण्यापेक्षा सांगणाऱ्याचं तोंड बंद करणं सोपं वाटतं. तेवढ्यात पोपट व्यासपीठावर आली. खारूताईच्या पाठीवर बोटाने वाजवून दाखवलं. एक, लाल. दोन, निळा. माइक तिच्याजवळ नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

खारूताईची आई वर आली. माझ्याकडे बघितलं नाही, सरांकडेही नाही. मुलीच्या समोर गुडघ्यांवर बसली, तळहाताने तिचा उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्यापुढे तीन बोटं धरली.

"किती गं?"

 पोरीने फक्त पाठ जराशी मागे सरकवली. टिचकीची वाट बघत होती ती.

त्याच दुपारी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी दाब मोजला, आत बघितलं, खुर्ची मागे सरकवली. "डाव्या डोळ्याची शीर गेली. उजेड-अंधार एवढंच कळेल. आधीच काठावर होता तो डोळा, थेंबांनी धरून ठेवला होता. उजवा वाचवू." मग त्यांनी विचारलं, "थेंब बंद कोणी केले?"

"मी," आई म्हणाली.

"मी," मी म्हणाले.

ज्याने तिसरा 'मी' म्हणायला हवा होता, तो तोवर पट्ट्या बॅगेत भरून निघून गेला होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या शिबिराच्या पत्रकावर त्याचा फोटो मी पाहिला. शर्ट इस्त्रीचाच.

म्हणून हे लिहिलं. मेंदूला मजले नसतात. कापसाने नजर अडत नाही, कारण नाकाला उंची असते आणि पट्टी त्यावरून तंबूसारखी ताणली जाते. यात एवढंच आहे, आणि हे बारा लहान मुलींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमच्या मुलांच्या शाळेत असा कुणी आला तर त्याच्या पाया पडण्याआधी ती पट्टी स्वतः बांधून बघा. चालू औषध व्यासपीठावरच्या माणसाच्या शब्दावर बंद करू नका. माझ्यासारख्या कुणी तुमच्या सांगण्यावरून सही करत असतील तर त्यांना सांगा, सही करायच्या आधी एक फोन करत जा. आणि घरी गेल्यावर मुलाला जवळ घेऊन सांगा, तुला जमलं नाही तरी मला चालेल. हे एक वाक्य पहिल्या रविवारी कुणीतरी खारूताईला सांगितलं असतं, तर पोपटला टिचकी मारावी लागली नसती.