मालकीणबाईंचं ‘आपण’

मालकीणबाईंचं तोंड गोड होतं, यात वाद नाही. मात्र तो गोडवा त्या हात राखून वाढत. त्यांच्या धुलाई कारखान्यात इस्पितळांच्या चादरींचे नि डॉक्टरांच्या डगल्यांचे ढीग येत, आणि ते उपसणाऱ्या सगळ्या बायका त्यांच्यासाठी ‘अगं ए’ होत्या. फक्त वहिनी तेवढी ‘अहो वहिनी’. तिचा दीर कारखान्याचा टेंपो चालवायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना म्हणू लागला, आणि ती मुकादम झाल्यावर खुद्द मालकीणबाईही.

पण वहिनी भाळली होती ती दुसऱ्याच शब्दावर. मालकीणबाई तिच्याशी बोलताना ‘आपण’ म्हणत. ‘आपण उद्या लवकर सुरू करू या.’ ‘आपल्याला आणखी एक इस्पितळ मिळतंय.’ लवकर यायची वहिनी आणि इस्पितळ मिळायचं मालकीणबाईंना, हा भाग वेगळा. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा माणूस दाराबाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. आणि जन्मभर दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला कुणी आत ये म्हटलं, तर ती चपला तरी नीट काढून ठेवते का?

हळूहळू वहिनीच्याही तोंडात ‘आम्ही’ आलं. ‘आम्ही ठरवलंय, कामात गप्पा नकोत.’

‘ताई, आम्ही म्हणजे कोण हो?’ धाकटी विचारायची. ‘तुम्ही आणि तुमचा घाम पुसायचा रुमाल?’

बायका खिदळायच्या. धाकटी म्हणजे दिराची बायको, वहिनीची जाऊ. इस्त्रीच्या मोठ्या, गरम, फिरत्या रुळावर चादरी सोडायचं काम तिचं. वहिनीला राग यायचा, पण घरी पोचेपर्यंत उतरायचा, कारण जावाजावांचं गूळपीठ असं की शेजारणींना तेच खुपायचं. वहिनीला ताप आला की धाकटी तिचे पाय चेपत बसायची, आणि धाकटीचं नवऱ्याशी वाजलं की वहिनी आधी दिराचे कान उपटायची आणि भांडण कशावरून हे नंतर विचारायची.

रुळाच्या तोंडाशी एक आडवा दांडा होता. त्याला धक्का लागला की यंत्र जागच्या जागी थांबायचं. बोटं वाचावीत म्हणूनच तो होता. पण जाड, ओली चादर आली तरी धक्का लागायचा, आणि यंत्र सारखं अडायचं. नवीन इस्पितळाचं काम आलं तेव्हा मालकीणबाई रुळाजवळ येऊन म्हणाल्या, ‘अहो वहिनी, असं अडून कसं चालेल? आपण हा दांडा बांधून टाकू या.’

वहिनीने फाटक्या चादरीची पट्टी काढली आणि दांडा आपल्या हाताने करकचून बांधला. धाकटी बघत होती.

‘ताई, हात गेला तर?’

‘जातो कशाला? नीट काम केलं की काही होत नाही. आम्ही बघू.’

त्याच आठवड्यात धाकटी चादरीला पडलेली घडी सोडवायला गेली आणि तिचा उजवा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. यंत्र थांबलंच नाही. वहिनीने धावत जाऊन कळ बंद केली, तोवर धाकटीचं ओरडणंही थांबलं होतं. ज्या इस्पितळाच्या चादरी होत्या, तिथेच तिला नेलं. हात राहिला, पण बोटं गेली. राहिला तो एकटा अंगठा.

चौकशीला सरकारी साहेब येणार, असं कळलं. मालकीणबाईंनी वहिनीला आपल्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. चहा दिला, तोही त्यांच्याच किटलीतला.

‘अहो वहिनी, आपण असं सांगू या की तिनंच दांडा बांधला. कारखाना बंद पडला तर सगळ्यांच्याच पोटावर पाय. तिला काही कमी पडू देणार नाही आपण. माझ्यावर विश्वास आहे ना?’

 नाही म्हणावं, कप ठेवून चालू पडावं, असं वहिनीला वाटलं. पण ती उठली नाही. खुर्ची मऊ होती हे खरं कारण नव्हतं. आपण नाही म्हटलं की पुन्हा ‘अगं ए’ होऊ, ही भीती खरी होती. लाज वाटावी अशीच ती भीती होती, आणि तिला लाज वाटलीही.

साहेबांनी विचारलं, ‘दांडा कुणी बांधला?’

सगळ्या बायका वहिनीकडे बघत होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. मुकादमीणबाई आपल्या जावेबद्दल काय बोलते, ते त्यांना ऐकायचं होतं.

‘तिनंच,’ वहिनी म्हणाली. ‘मी नको म्हटलं होतं.’

चूक कामगाराची ठरली. इस्पितळाचा खर्च धाकटीवर पडला, आणि तिची कारखान्यातली जागाही गेली. वहिनी मालकीणबाईंच्या खोलीपाशी गेली. या वेळी आत बोलावणं नव्हतं, म्हणून दारातूनच बोलली.

‘बाई, धाकटीचं आपण बघणार होतो…’

मालकीणबाईंनी मान वर केली. ‘हे बघ, साहेब म्हणाले मुकादमाचं लक्ष नव्हतं. तूच तर सांगितलंस, तिनं तुझ्या देखत बांधला म्हणून. आम्ही नवीन मुकादम नेमतोय. रुळावरची जागा रिकामी आहे. उद्यापासून तू तिथे उभी राहा.’

‘आम्ही’ आणि ‘तू’. कानफटात बसली असती तर वहिनीला एवढं लागलं नसतं.

घरी आली तेव्हा धाकटी भिंतीला टेकून बसली होती. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला हात मांडीवर, केस मोकळे. डाव्या हाताने वेणी घालायचं चाललं होतं आणि पेड सारखे सुटत होते. दीर कोपऱ्यात उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच वहिनीला कळलं, ती साहेबांपुढे काय बोलली ते घरी पोचलं होतं; टेंपोवाल्याला कारखान्यातली खबर मिळायला वेळ लागत नाही.

तिने फणी उचलली आणि धाकटीच्या मागे जाऊन बसली. ‘आण इकडे. आपण छान घट्ट वेणी घालू.’

धाकटीने मान पुढे घेतली. आवाज चढवला नाही, तोंड सोडलं नाही. डावा हात मागे करून फणी तेवढी परत मागितली.

‘राहू द्या, ताई. तुम्ही दमून आलात. आमचं आम्ही बघू.’