काचेवरचे नऊ ठिपके

आखातातल्या अरादला टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता कमालचे केस पिकले, पण असल्या कामाला त्याने कधी हात घातला नव्हता. कॉलेजात शिकवणाऱ्या लीना मॅडमनी काचेच्या तुकड्यावर नऊ ठिपके चढवले होते. प्रत्येक ठिपक्यात लाखो क्वांटम डॉट. धुळीहून कितीतरी बारीक कण, वीज मिळाली की तांबूस उजळणारे. कमालने प्रत्येक ठिपक्याला एकेक ट्रान्झिस्टर जोडायचा होता. वीज पुढच्या ठिपक्याकडे सरकली तरी मागचा विझू नये, एवढंच त्या ट्रान्झिस्टरचं काम.

"पुढे टीव्हीचे पडदे असेच होतील, कमालभाई. कॅलेंडरसारखे भिंतीला टांगायचे."

"मग मी दुरुस्त काय करू? खिळा?"

शनिवारी बाहेरचे प्रोफेसर बघायला येणार होते. ठिपके पेटले तर मॅडमचं काम पुढे चालणार, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

बुधवारी दुकानात नऊच्या नऊ पेटले. कॉलेजात पोहोचल्यावर एकही पेटेना.

"तुमचे जोड सुटले असणार," मॅडम म्हणाल्या.

कमालला ते लागलं. त्याने मीटर काढून एकेक जोड तपासून दाखवला. सगळे शाबूत होते.

"म्हणजे ठिपकेच गेले. उरलेल्या रसायनात एकच काच होईल. तीही गेली की खलास."

विचार करत मॅडम त्याला गाडीपर्यंत सोडायला आल्या. कमालने एसी लावला, गार होईपर्यंत आत बसला आणि मीटर वर राहिलं म्हणून पुन्हा उतरला. ऑगस्टची दमट हवा लागताच त्याचा चष्मा पांढरा झाला. रोजच्या सवयीने त्याने तो सदऱ्याला पुसला.

मॅडम चष्म्याकडे बघत राहिल्या. "काच कुठे ठेवली होती येताना?"

"एसीच्या तोंडाशी. तुम्हीच बोललात, थंड ठेवा."

"आणि काचेचा डबा उघडलात कुठे?"

"गेटवर. वॉचमनला बघायचा होता."

"पाणी धरलं तिने, तुमच्या चष्म्यासारखं," मॅडम म्हणाल्या. "थंड ठेवा सांगणारी मीच."

शनिवारी दुसरी काच निघाली. एसी बंद, खिडक्याही बंद, डबा मसूदाच्या मांडीवर.

"लग्न करून आणलंत तेव्हा मला एवढं जपलं नव्हतं," मसूदा पदराने वारा घेत म्हणाली.

"तू भिजलीस म्हणून विझत नाहीस."

गेटवर मॅडम स्वतः उभ्या होत्या. डबा कोणी उघडला नाही.

अंधाऱ्या खोलीत पाच ठिपके पेटले. चार पेटलेच नाहीत. मॅडमनी बटणावरून बोट काढलं. पाचही तसेच राहिले. प्रोफेसर बराच वेळ वाकून बघत होते.

"चार कुठे गेले ते शोधा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सगळे हवेत मला."

मॅडमनी दिवा लावला. प्रोफेसरांची नजर कमालवर गेली. सदरा अंगाला चिकटलेला, हनुवटीवरून घाम गळत होता.

"यांना बरं नाही का?"

"ठीक आहेत, सर," मॅडम म्हणाल्या. "काच अशीच आणावी लागते."