खांबावरचा लाल टॉवेल

दोन दिवस निवांत राहायचं म्हणून आम्ही इथे आलो. निवांतपणा माझ्या स्वभावात नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मासळीच्या धक्क्याला लागूनच भाड्याची खोली होती. बॅगा खाली ठेवायच्या आधी मी गॅलरीच्या गजांतून भिंगरीचं डोकं जातं का ते पाहिलं. भिंगरी म्हणजे आमची चार वर्षांची लेक.

"नाही ना जात? मग आता चहा टाक," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने होडीची फेरी ठरवली. बाप-लेकच जाणार होते, कारण मला होडी लागते. होडीवाले काका भलते बोलके. मी भिंगरीच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होते, सैल करत होते, पुन्हा आवळत होते.

"त्या टोकाच्या खांबावर लाल फडकं दिसलं, की समजायचं खाडीच्या मुखात लाटा फुटताहेत," काका नवऱ्याला सांगत होते. "मग आत शिरायचं नाही. बाहेरच थांबायचं."

माझ्या कानावरून ते नुसतं गेलं. तिसरा पट्टा नीट बसत नव्हता.

"अगं, तिला श्वास तरी घेऊ दे," नवरा म्हणाला. "हे गेलो, हे आलो."

होडी बाहेर पडली तशी मी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. आई कुठे आहे ते भिंगरीला लांबून दिसावं, म्हणून तिचा लाल टॉवेल खांबाला बांधला. वाऱ्याने उडू नये म्हणून चांगली करकचून निरगाठ मारली.

परत येणारी होडी दिसली तेव्हा मी दोन्ही हात हलवले. होडी जवळ आली आणि एकदम वळून पुन्हा लांब गेली.

"लेकीला मिरवतोय," सासूबाई म्हणाल्या.

होडी पुन्हा आली, पुन्हा वळली. तिच्यामागून मासळीची एक मोठी होडी आली, तीही बाहेरच थांबली. मग आणखी एक. वारा वाढला होता. बाहेरचं पाणी काळपट झालं होतं आणि होड्या त्यावर सुपातल्या दाण्यांसारख्या उडत होत्या. भिंगरीच्या जॅकेटचा केशरी ठिपका दिसायचा, बुडायचा, दिसायचा. नवऱ्याचा फोन लागेना.

"आई, ते आत का येत नाहीत?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी माझं मनगट धरलं.

मागे टोपल्या घेऊन बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "मुखात तर काहीच नाही गं. मग हे अडलेत कशाला?"

ठिपका बुडाला. तो वर येईना. होडीतली माणसं मात्र सगळी एकाच दिशेला पाहत होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्याच्या वर.

मी मान वर केली. टॉवेल फडफडत होता.

काकांचं बोलणं तेव्हा कुठे कानातून आत उतरलं. मी गाठीवर झडप घातली. लाटांच्या तुषारांनी भिजलेला टॉवेल, माझीच निरगाठ. नखं मोडली. दात लावले, तोंडात खारट पाणी आलं, गाठ ढिम्म.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. अंबाड्यातला आकडा उपसून त्यांनी गाठीत खुपसला. "सुटते. सुटते बघ. रडू नकोस, मला दिसेनासं होतं."

टॉवेल खाली आला. तो पोटाशी गुंडाळून मी त्यावरच वाकून बसले, कोपराही दिसायला नको म्हणून. पुढे बघायची हिंमत होईना. इंजिनाचा आवाज तेवढा जवळ येत गेला.

नवऱ्याने भिंगरीला वर दिलं. तो पांढराफटक पडला होता. ती चिंब भिजलेली, ओठ निळे, जॅकेटवर उलटी झालेली. मी तिला त्याच टॉवेलात घट्ट गुंडाळलं.

"आई," तिचे दात वाजत होते, "तू आम्हाला येऊ नका असं का सांगत होतीस?"

मी जॅकेटचे पट्टे सोडवायला घेतले. एकही सुटेना.