समोरच्या विंगमधले अण्णा

शौनकला निर्णय घेता येत नसे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे यावर त्याने चार महिने काढले होते. शेवटी त्याच्या बायकोने, ईश्वरीने, त्याला न विचारता जे आणले तेच आजही खिडकीला आहेत. तेव्हा खारघरच्या दुकानात जुनैदने काउंटरवर दोन लेन्स मांडल्या, तिथेच या स्वारीची पंचाईत झाली.

जुनैद उरणकडचा, मोरा बंदरावरचा. वापरलेले कॅमेरे नि लेन्स घेई, विकी. "हे बघा शौनकभाय, ही चोवीस-सत्तर. घरातली लेन्स. मानूस, सन, वाढदिवस, सगला हिच्यात येतंय. पन जवल जायाला लागतंय. नी ही शंभर-चारशे. तुमी तुमच्या जागेवर, पाखरू त्याच्या जागेवर. काय टेन्शन नाय."

शौनक एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. जुनैद पुरता ओळखून होता त्याला. "दोन्नी घेऊन जावा. रविवारपर्यंत वापरा, नको ती परत आना," म्हणाला.

ईश्वरीचं मत तयारच होतं. "छोटी ठेव. अण्णांचे फोटो काढ. आठ महिन्यांत एक फोटो काढला नाहीस त्यांचा."

"बरे झाले की काढू," शौनक म्हणाला.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, श्यामसुंदर. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. एकदा बोलायला लागले की समोरचा चहा निवून जायचा. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ते हॉलमध्ये वेताच्या खुर्चीत बसून असत. शौनक समोरून जाताना दिसला की शेजारच्या स्टुलावर डाव्या हाताने थापटत. इथे बस, एवढंच त्यांना म्हणायचं असे. "आलोच अण्णा," म्हणून शौनक सटके. त्याचं प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. उलट फार होतं. तो एका बाजूला ओघळलेला ओठ त्याला बघवत नव्हता, इतकंच.

बुधवारी साडेचारला लांबची लेन्स चढवून तो बाल्कनीत उभा राहिला. समोर बी विंग होती. बिल्डर आणि त्याच्या भागीदाराचं बिनसल्यामुळे दोन वर्षं काम बंद. खिडक्या नाहीत, वीज नाही, नुसते सिमेंटचे खण. तिथे घारीचं घरटं आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. घार शोधत शोधत लेन्स चौदाव्या मजल्यावर आली, अगदी यांच्या फ्लॅटसमोर, आणि तिथे अण्णा बसलेले होते.

तशीच खुर्ची. पण हे अण्णा बोलत होते. उजवा हात वर करून, वर्गात लढाया सांगताना करत तसा. चेहरा सरळ. शौनकने कॅमेरा खाली घेतला. समोर नुसता करडा खण. मागे वळून पाहिलं, तर हॉलमध्ये अण्णा मान कलती टाकून बसलेले. त्याने पुन्हा डोळा लावला. पलीकडचे अण्णा हसत होते.

छोटी लेन्स लावून बघितली. तिच्यातून ती नुसती अर्धवट इमारत होती.

दुसऱ्या दिवशी तो बी विंगमध्ये गेला. तिथले वॉचमन हौसेराव त्याच्याकडे बघतच राहिले. "चौदाव्यावर कोन ऱ्हानार साहेब? पानी नाय, लिफ्ट नाय. कबुतरं हायती." तरी तो धापा टाकत चढला. कबुतरांची घाण आणि बोटभर धूळ. धुळीत त्याच्या एकट्याच्याच पावलांचे ठसे. खुर्ची नव्हती. तिथून त्याने आपल्या घराकडे बघितलं. ईश्वरी कपडे वाळत घालत होती. तिच्या मागे, हॉलमध्ये, अण्णांनी मान उचलली होती. ते थेट त्याच्याकडेच बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने शेजारच्या स्टुलावर थापटलं.

शौनक चौदा मजले कसा उतरला, ते त्याचं त्यालाच माहीत.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी लेन्स जुनैदच्या हवाली केली असती. पण शुक्रवारी साडेचारला हा पुन्हा बाल्कनीत. शनिवारीही. भीती वाटत होती, तरी जायचा. कारण ते अण्णा बोलत होते. आवाज येत नसला तरी ते त्याच्या लहानपणीचे, धडधाकट अण्णा होते, आणि ते इथल्या घरात कुठे मिळणार होते? आयुष्यात पहिल्यांदा त्याचा निर्णय झटकन झाला. शंभर-चारशे ठेवायची.

"माणूस घरात बसलाय आणि तू समोरच्या पडक्यात काय बघतोस?" ईश्वरी वैतागून म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा." तो लेन्सची काच पुसत राहिला. सांगणार तरी काय?

रविवारी ती आत रवा भाजत होती. अण्णांचा चहा झाला होता. शौनकने डोळा लावला. आज पलीकडचे अण्णा गप्प होते. हात मांडीवर ठेवलेले. हळूच त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदाच सरळ लेन्समध्ये बघितलं. ओठ हलले.

"शौनक."

आवाज स्पष्ट होता, भरलेला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. एवढ्या लांबून आवाज कसा आला, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो बटण दाबत राहिला.

"शौनक, ये ना रे." या वेळी थोडा बारीक.

"बोला अण्णा, बोला," तो कुजबुजला. डोळ्यांत पाणी येऊन काच धूसर झाली, तरी त्याने डोळा काढला नाही. तो कठड्याकडे अजून एक पाऊल सरकला. मग पलीकडची खुर्ची रिकामी दिसली. मग खुर्चीही नव्हती.

"अण्णा!" ईश्वरी मागे किंचाळली.

तो वळला. अण्णांची मान छातीवर पडली होती. डावा हात स्टुलावर तसाच. हातात झारा घेऊन ईश्वरी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने वर बघितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत रडण्याआधी नुसतं आश्चर्य होतं.

"तू ऐकलं नाहीस? बोलले ते. आठ महिन्यांनी बोलले, शौनक. दोनदा हाक मारली तुला. मला आत ऐकू आलं. मला वाटलं, तू आहेसच त्यांच्याजवळ. चार पावलांवर तर होतास."

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. कार्डावर चार दिवसांचे दोनशे अकरा फोटो निघाले. सगळ्यांत एकच करडी, रिकामी भिंत, काहींत कबुतर. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात अण्णा दचकल्यासारखे दिसतात.

जुनैद भेटायला आला आणि जाताना छोटी लेन्स घेऊन गेला. मोठी शौनकने दिली नाही.

आता रोज साडेचार वाजले की तो कॉम्प्युटरवर ते दोनशे अकरा फोटो उघडून बसतो. उजेड वाढवतो, कमी करतो, भिंतीचा एकेक कोपरा मोठा करून बघतो. आलागेला हटकून विचारतो, अहो, तुम्ही इतके फोटो काढता, मग अण्णांचा एखादा बरा फोटो नाही का?

"आहेत ना, पुष्कळ आहेत," शौनक म्हणतो. "त्यातला कुठला लावायचा, तेवढं ठरवायचं राहिलंय."