सुगंधाताईचं राहूनच गेलं

मुलुंडला पाच रस्त्याजवळ एक लॅब आहे, रक्त-लघवी तपासायची. तिथे आतल्या बाजूला एक खुर्ची आहे, सुईची खुर्ची म्हणतात तिला सगळे, आणि त्या खुर्चीवर गेली वीसेक वर्षं सुगंधाताई. ज्यांची शीर सापडत नाही ना, कुठे कुठे टोचून घेऊन वैतागलेले, ते लांबून विचारत यायचे, "त्या मालवणी बाई आहेत का?" आणि ताई आतूनच ओरडायची, "आसंय, आसंय, हात दाखवा."

पण दमलेली यार. पहाटे उठून घरच्यांचे डबे, मग शटर उघडायच्या आधी दारात उभी, कारण उपाशीपोटीवाले तिच्याही आधी येऊन रांगेत. दुपारपर्यंत पाय असे सुजायचे की चप्पल आत जायची नाही. त्यात ते मंडळाचं सुरू झालं.

मंडळ म्हणजे उपनगर लॅब टेक्निशियन मंडळ, ऑफिस घाटकोपरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. आधी कसं होतं, वर्षाला एक सभा, एक डायरी, एक समोशाचा बॉक्स, की झालं. मग लोक समोशालाही येईनात. तेव्हा मंडळाने प्रांजल नावाचा एक पोरगा ठेवला, एकदम हौशी, आणि त्याने काढला ऑनलाइन कोर्स. 'सॅम्पल घेताना होणाऱ्या चुका.' एक धडा बघितला की एक स्टार. पाच धडे झाले की 'सुपर सुई' असा बिल्ला, मोबाईलवर वरून रंगीत कागद पडायचे, अभिनंदन, अभिनंदन! आणि रोज सकाळी मेसेज, 'सुगंधा, आज शिकलीस का?'

"मेल्याची जीभ बघ," ताई बोलली. "माझा नवरा पण सकाळी असं विचारत नाही."

बघत कोणीच नव्हतं. डॉक्टर साहेब तासभर एका सुरात बोलायचे, आणि मधेमधे स्क्रीनवर यायचं, 'तुम्ही बघताय ना?' ते दाबलं नाही की धडा परत पहिल्यापासून. आता घरोघरी जाऊन रक्त घेणाऱ्या होम कलेक्शनवाल्या माणसाने बाईकवर ते दाबायचं की सिग्नल बघायचा?

आणि नेमकी तेव्हाच लॅब विकली गेली, निधी मॅडम आल्या. चांगल्या होत्या, पण शिस्तीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्याच्याकडे मंडळाच्या कोर्सचं या वर्षीचं सर्टिफिकेट, तोच सुईच्या खुर्चीवर. बाकीचे स्टिकर काउंटरला." स्टिकर काउंटर म्हणजे नाव विचारायचं, ट्यूबवर चिकटवायचं, पुढे सरकवायचं. वीस वर्षं हात बोलत होता तिचा, आणि आता स्टिकर?

म्हणून तिने बघायचं ठरवलं. मागच्या खोलीत सेंट्रीफ्यूज आहे, ते रक्त गरगर फिरवायचं मशीन, त्याच्या बाजूला एक जुना कॉम्प्युटर. मशीन फिरतंय तोवर कॉम्प्युटरसमोर बसायचं. पहिल्याच दिवशी, कॉम्प्युटर चालू होतोय तोच देवेश आत आला. देवेश भांडुपहून होम कलेक्शनची सॅम्पलं आणून द्यायचा.

"ताई, तू बसतेच आहेस ना? माझं पण लाव ना. हा घे पासवर्ड."

"अरे, तुझं तू बघ की."

"डबल ड्युटी चाललीय गं. प्लीज यार. सुरमई आणतो रविवारी."

मग लावलं. मग मधुकर, तोही होम कलेक्शनवालाच. मग ताईच्याच लॅबमधली निकोल, तिचं बाळ चार-पाच महिन्यांचं, रात्री झोपू देत नव्हतं, ती तर उभ्या उभ्या पेंगायची. तिला तर ताईनेच सांगितलं, "दे गो पासवर्ड. जा, जरा डोळे मीट." असं करत करत सात-आठ जणांचं. रोज एक नाव उघडायचं, तोच धडा लावायचा, आवाज बारीक, मशीनची घरघर चालू, 'बघताय ना' आलं की दाबायचं. डॉक्टर साहेबांचं "नमस्कार मित्रांनो" इतकं तोंडपाठ झालं की ताई पेशंटला पण एकदा चुकून बोलून गेली. शेवटी दहा प्रश्न असायचे, ती सोडवायची, वरून कागद पडायचे. अभिनंदन. कोणी कैऱ्या आणून दिल्या, कोणी नुसतंच "ताई, तू देव आहेस" बोललं.

कोर्स बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रांजलचा फोन.

"सुगंधाताई, सगळ्या मुलुंडचं झालं, झकास रिझल्ट! फक्त तुमचं राहिलं."

"माझं? काय बोलतोस? मी तर रोज बघते."

"ताई, तुमच्या नावाने एकदाही लॉगिन नाही."

"तुझ्याच मशीनचं काय तरी बिघडलं असेल."

"नाही ओ. चेक केलं मी. शून्य आहे."

आणि मग तिला कळलं. इतक्या वेळा ते अभिनंदन बघितलं, इतक्या वेळा कागद पडले, की त्यातलं एक आपलं असणारच असं डोक्यात बसून गेलं होतं. सगळ्यांचं लावलं, आपलं लावलंच नाही!

दुपारी गेली घाटकोपरला. मंडळाचे अध्यक्ष इसिडोर सर, मोठ्या हॉस्पिटलात लॅब सांभाळून रिटायर झालेले, अर्ध्या उपनगराला सुई धरायला त्यांनीच शिकवलेलं, ताईलाही. त्यांनी चहा मागवला.

"प्रांजल मला सांगतो," सर बोलले, "तुमच्या लॅबच्या एका कॉम्प्युटरवरून सात-आठ जण पास. तो बोलतो ग्रुप स्टडी. खूश आहे पोरगा. मी पण बोललो, वा! पण ग्रुपमधले सगळे पास, आणि जिच्या कॉम्प्युटरवर केलं तीच नापास? हा कसला ग्रुप गं?"

ताईने कप जवळ ओढला.

"सुगंधा, काय झालं ते सांग. तू सांगितलंस तर कमिटीत मांडतो, तुझ्यासाठी काहीतरी करता येईल. पण मग त्यांची सर्टिफिकेटं राहणार नाहीत. ते मला सोडता येणार नाही."

ताईला आपली खुर्ची दिसत होती. आणि निकोल दिसत होती, भिंतीला टेकून उभी, डोळे मिटलेले. देवेश, हेल्मेट न काढता चहा पिणारा. चहावर साय धरली तरी तिने कप उचलला नाही.

"विसरले मी, सर. राहून गेलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग पुढची बॅच दिवाळीनंतर," सर बोलले, आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले, जसं काही तेही दमले.

एक तारखेला ताई स्टिकर काउंटरला. नाव काय, वय काय, उपाशी आहात ना, घ्या, पुढे. सुईच्या खुर्चीवर निकोल. पेशंट यायचे, "त्या मालवणी बाई कुठे गेल्या?" आणि ताई मान खाली घालून स्टिकर सोलायची. देवेश आला, बघून थबकला, "ताई, तू इथे?" तिने सांगितलं काय झालं ते. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेक मेसेज. हात जोडलेले. रडके चेहरे. मधुकरने लिहिलं, 'ताई, कोणीतरी सरांशी बोलायला पाहिजे.' त्यालाही सगळ्यांनी अंगठे दिले. कोणीतरी म्हणजे कोण, ते काही कोणी विचारलं नाही.

निकोल ग्रुपवर काहीच बोलली नाही. ताईशी पण नाही, डब्याला सुद्धा वेगळी बसायची. ताईला वाटलं, बरोबर आहे, खुर्ची मिळाली की माणूस तसाच होतो. मरांदे.

मग एका दिवशी निकोल अर्धी सुट्टी टाकून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती सुईकडे गेलीच नाही, एक स्टूल ओढत काउंटरला.

"सरक ना गं ताई."

"का? काय झालं?"

"सरांना सांगून आले. माझं तू केलंस म्हणून. दुसऱ्या कोणाचं नाव नाही घेतलं, माझं फक्त. रद्द झालं."

ताई उडालीच. "येडी काय गो तू? एवढं लहान बाळ घरात! मी सरांसमोर तोंड शिवून बसले ते कशाला?"

"मला त्या खुर्चीवर बसवत नव्हतं. कोणी आलं की तुझंच नाव."

"बरं, मग माझं सर्टिफिकेट देतायत का ते?"

"नाही. सर बोलले, शून्य ते शून्य."

"म्हणजे फायदा काय झाला?"

निकोलने थोडा विचार केला. "काहीच नाही."

ताईला हसू आलं, असं दमलेलं, पोट न हलणारं हसू. सुईच्या खुर्चीवर निधी मॅडमनी दुसऱ्या ब्रांचमधून कोणाला तरी आणलं होतं. मॅडमचा चेहरा काही विचारू नका.

"प्रांजल भेटला तिथे," निकोल बोलली. "तोंड पडलं होतं बिचाऱ्याचं. विचारतो, तुम्ही लोक बघत का नाही? मी बोलले, एकटीने बघवत नाही रे, कोणाशी बोलायचं? झोप येते. तर बोलला, मग दोघी बघा. धडे चालू केलेत आपल्यासाठी, परीक्षा दिवाळीनंतर."

गर्दी ओसरल्यावर निकोलने मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. दोघींची नावं आहेत ना, ते एकदा नीट तपासलं, ताईने दोनदा. नमस्कार मित्रांनो. ताईने कपाळावर हात मारला, पण निकोल पहिल्यांदाच ऐकत होती. अगदी पुढे वाकून.

"ताई, हा बोलतो पेशंटला मूठ उघड-बंद करायला सांगू नका. रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढतं म्हणे."

"असं बोलतो?"

"आत्ता बोलला की."

"कधी? मी सात-आठ वेळा लावलाय हा धडा."

"आपण तर सगळ्यांना सांगतो गं, उघडा, मिटा, उघडा, मिटा."

ताईचा हात स्टिकरवरच थांबला. वीस वर्षं, रोज, प्रत्येकाला. समोर एक काका कधीचे उभे, चिठ्ठी पुढे धरून.

"ओ ताई, माझं स्टिकर?"

"एक मिनिट, काका, बसा जरा," ताई बोलली, आणि मोबाईल आपल्याकडे ओढला. "मागे घे गो ते. आवाज मोठा कर."