पंचाच्या घरची मोहर

मित्रांनो, मी एक जुनी मोहर आहे. मोहर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सोन्याचं नाणं आलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. मी पितळेची आहे, अंगठ्याएवढी जाड, आणि धरायला वर लाकडी मूठ आहे. पोलीस एखादी वस्तू जप्त करतात तेव्हा ती फडक्यात गुंडाळतात, दोऱ्यानं बांधतात, गाठीवर लाख वितळवून टाकतात आणि लाख गरम आहे तोवर तिच्यावर मला दाबतात. मग ती लाख फोडल्याशिवाय गाठ सुटत नाही. माझं काम एवढंच.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या मागच्या बोळात चंद्रप्पा नावाचे कारागीर शिक्के कोरत बसायचे, त्यांनी मला घडवलं. किल्लारीच्या भूकंपानंतर मोडीत आलेल्या भांड्यांचं पितळ त्यांनी स्वस्तात घेतलं होतं, त्यातली मी. माझ्यात कुणाची घागर आहे आणि कुणाची परात, ते मला ठाऊक नाही, आणि त्यावर गळा काढणं माझ्या स्वभावात नाही. चंद्रप्पांनी माझ्यावर ठाण्याची अक्षरं कोरली, कागदावर एकदा उठवून पाहिली, समाधानानं "हं" म्हणाले आणि मला पुडीत बांधलं. ती माझी पहिली वाहवा.

तिथून मी भोकरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या एका बाजाराच्या गावी आले. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ बोलणी खावी लागली आहेत. ठाण्यात शेषेराव जमादार मला फार जपायचे. दाबण्याआधी पाण्यात बुडवायचे, म्हणजे लाख मला चिकटत नाही. विळे, कुऱ्हाडी, चोरीच्या मोटारींचे सुटे भाग, एकदा तर एका बकरीच्या गळ्यातली घंटा, अशा कितीतरी वस्तूंच्या गाठींवर मी बसले. "बघा, कशी टपोरी उठती," असं जमादार नव्या शिपायांना दाखवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

पण मित्रांनो, माझी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. मी कुणालाच नाही म्हणत नाही. खऱ्या पुडक्यावर दाबा, बनावट पुडक्यावर दाबा, माझी अक्षरं सारखीच उठतात. म्हणूनच एक रीत आहे. पुडकं बांधून झालं की मोहर पोलिसांनी स्वतःपाशी ठेवायची नाही, ती पंचाकडे सोपवायची. पंच म्हणजे जप्तीच्या वेळी शेजारी उभा राहून सगळं पाहणारा बाहेरचा माणूस. मोहर त्याच्या घरी असली म्हणजे मधल्या काळात पुडकं फोडून, आतला माल बदलून, पुन्हा लाख लावता येत नाही. रीत चांगली आहे. ती पाळायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

त्या भागात शिंदी प्यायची जुनी सवय आहे. शिंदीच्या झाडाचा रस ताजा असेपर्यंत गोड असतो, नंतर आंबतो आणि चढतो. झाडं कमी झाली आणि पिणारे तेवढेच राहिले, तेव्हा काही विकणारे पाण्यात पांढरी पावडर घालून शिंदी म्हणून विकू लागले. ओढ्याकाठच्या झोपडीत शिवमूर्ती हाच धंदा करायचा. एके दिवशी सोयाबीनची रास करून आलेला बजरंग तिथं प्यायला बसला आणि उठलाच नाही. बजरंग हा चतुराबाईंचा धाकटा मुलगा. चतुराबाई म्हणजे शेजारच्या वाडीतल्या शेतकरी बाई, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर दोन शेतं पलीकडचे बैल मान वर करायचे.

जमादारांनी झोपडीवर छापा घातला. पंच म्हणून ठाण्यासमोरच्या हनीफभाईंना बोलावलं. हनीफभाई स्टो आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. त्यांच्या तीन पिढ्या त्याच दुकानात बसलेल्या. दुसरा पंच म्हणून वाटेवरचा एक माणूस धरून आणला. शिंदीच्या बाटल्या भरल्या, बुचं बांधली, लाख पडली, मी बसले. सगळं चोख झालं. मग जमादारांनी मला हनीफभाईंच्या हातात दिलं. "खटला संपेपर्यंत तुमच्याकडं ठेवायची, हनीफभाई. कायदा हाय."

हनीफभाईंनी मला रुमालात बांधून घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, गौसियानं, रुमाल सोडला आणि मला पाहून तिचा चेहराच उतरला.

"ये सरकारी चीज घरात कशाला?"

"जमादारसाबांनी ठेवायला दिली."

"अमानत हाय ती. दुसऱ्याची अमानत घरात ठेवून झोप लागती का? उद्या लेकरांनी कुठं टाकली तर? देऊन या आधी."

हनीफभाईंच्या घराण्यात दुसऱ्याची वस्तू वेळेवर परत करणं म्हणजे इमान. दुरुस्त झालेला स्टोसुद्धा गिऱ्हाईक आलं नाही तर ते स्वतः पोचवायचे. तेव्हा दिवेलागणीला ते मला घेऊन ठाण्यात गेले आणि म्हणाले, "जमादारसाब, तुमची अमानत." जमादार कुठल्याशा बंदोबस्ताच्या गडबडीत होते. त्यांनी मला टेबलाच्या खणात टाकलं. त्याच खोलीतल्या कपाटात त्या बाटल्या होत्या. प्रयोगशाळेत जायला त्यांना बरेच दिवस लागले. त्या दिवसांत कुणी कपाटाला हात लावला नाही. मी तिथंच होते. पण माझी साक्ष कोण काढणार?

प्रयोगशाळेचा अहवाल आला. बाटल्यांत विष निघालं. गावाला वाटलं, झालं काम. चतुराबाई प्रत्येक तारखेला एसटीनं जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन बसायच्या. दुसरा पंच कोर्टात फिरला. "मी काही पाहिलं नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली," असं सांगून तो मोकळा झाला. राहिले हनीफभाई. साक्षीच्या दिवशी जमादारांच्या खिशात मी होते. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते हनीफभाईंना हळूच म्हणाले, "मोहरेचं विचारलं तर 'माझ्यापाशीच हुती' म्हणा. एवढंच." हनीफभाईंनी चहा अर्धाच प्यायला.

आरोपीच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं. "मोहर तुमच्याकडे किती दिवस होती?"

हनीफभाई म्हणाले, "दिवस न्हाई साहेब. त्याच सांजेला परत दिली."

"म्हणजे बाटल्या आणि मोहर एकाच खोलीत, पोलिसांच्याच ताब्यात होत्या?"

"हाव."

एका शब्दात खटला खाली बसला. वकिलांनी काही गैर विचारलं नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागेल. बाटल्या बदलल्या नव्हत्या, पण बदलता आल्या असत्या. कोर्टानं संशयाचा फायदा दिला आणि शिवमूर्ती सुटला. बाहेर त्याच्या माणसांनी पेढे वाटले. चतुराबाई पायरीवर उभ्या होत्या. हनीफभाई त्यांच्यासमोर आले तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा तो आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे.

"हनीफभाई, 'माझ्यापाशीच हुती' म्हणलं असतं तर काय झालं असतं हो? तुमचं काय गेलं असतं? माझं लेकरू गेलंय."

हनीफभाई मान खाली घालून पायऱ्या उतरले.

पुढचे काही दिवस गावात दुसरा विषय नव्हता. बाजार बंद ठेवला, रस्त्यावर टायर जाळले, तहसीलवर निवेदन दिलं. पानाच्या टपरीवर, सलूनमध्ये, एसटीच्या शेडमध्ये तेच. "माणूस मेला त्याचं काही न्हाई, लाखेचं घेऊन बसलेत." "असल्या कायद्याला काय चाटायचंय?" जो तो मोबाईलवर संताप टाकत होता. मी खणात पडून सगळं ऐकत होते. राग खरा होता. फक्त तो कायद्यावर जेवढा निघाला, तेवढाच हनीफभाईंवर निघाला. लोकांनी पंप दुरुस्तीला भोकरला न्यायला सुरुवात केली. चतुराबाई बाजाराला आल्या की हनीफभाईंचं दुकान टाळायला रस्ता ओलांडायच्या. मला ठाण्यात कुणी "टपोरी" म्हणेना. गंज पितळेला चढत नाही म्हणतात, पण कळा जाते.

वर्षभरात शिवमूर्तीची झोपडी ओढ्याच्या पलीकडं पुन्हा उभी राहिली. पांढरी पावडर पुन्हा आली. एक मजूर आंधळा होता होता वाचला. जमादारांनी छाप्याची तयारी केली. आता छाप्याचं चित्रीकरण मोबाईलवर करतात, पण पंच लागतातच, आणि पंच व्हायला गावात एक माणूस तयार होईना. पानवाल्याच्या पोटात दुखत होतं. गुरुजींना परीक्षेची कामं होती. टायर जाळायला जे पुढं होते, त्यांना नेमकं त्याच दिवशी लग्नाला जायचं होतं.

हे कानावर पडताच चतुराबाई तडक ठाण्यात आल्या. "मी हुते पंच. द्या ती मोहर माझ्यापाशी. छातीला बांधून ठेवते."

जमादारांनी मान हलवली. "न्हाई चालत मावशी. तुमचं त्याच्याशी वैर हाय. वकील पहिल्याच दिवशी उडवून लावील."

"ज्याचं मेलं त्याचं चालत न्हाई. ज्याचं काहीच गेलं न्हाई, त्याला यायचं न्हाई. मग कुणाचं चालतं वो?"

चतुराबाई थोडा वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग त्या रस्ता ओलांडून हनीफभाईंच्या दुकानात शिरल्या. ठाण्याची खिडकी उघडी होती आणि मी टेबलावरच होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"हनीफभाई, चला. पंच पाहिजे."

हनीफभाईंनी हातातला पान्हा खाली ठेवला. "चतुराबाई, मला नका नेऊ. उद्या कोर्टात विचारलं तर मी पुन्हा जे झालं तेच सांगीन."

"म्हणूनशान तर आले. तुम्ही खोटं बोलत न्हाई, हे माझ्याइतकं कुणाला ठावं हाय?" "बजरंगचं झालं ते झालं. आता दुसऱ्या कुणाचं नगं."

हनीफभाई उठले. त्यांना जाताना पाहून पानवाल्याचंही पोट दुखायचं थांबलं आणि तो दुसरा पंच म्हणून मागून आला. छापा पडला, बाटल्या भरल्या, लाख पडली, मी बसले. मग हनीफभाईंनी मला घरी नेलं. ठाण्यानं आपल्या कामासाठी वेगळ्या अक्षरांची नवी मोहर बनवून घेतली. या वेळी गौसियानं कुरकुर केली नाही. तिनं मला पिशवीत घालून तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवलं, आणि लेकरांना दम दिला की डब्याला हात लावाल तर याद राखा.

खटला उभा राहायला बराच काळ लागला. पण दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, चतुराबाई हनीफभाईंच्या दारात यायच्या. खुशाली नाही, पाणी नाही. एकच प्रश्न. "हाय का?" गौसिया डब्यात हात घालून मला बाहेर काढायची आणि त्यांच्या तळव्यावर ठेवायची. त्या मला उलटसुलट पाहायच्या, परत द्यायच्या आणि भाजी घ्यायला जायच्या. ताप असला तरी यायच्या. ईदच्या दिवशी मंगळवार आला, तेव्हा शिरखुर्म्याची वाटी गौसियानं हातात दिली, तर त्या म्हणाल्या, "आधी दाखव." मला वाटतं, इतक्या वेळा मला कुणीच निरखून पाहिलं नाही, चंद्रप्पांनीसुद्धा नाही.

शेवटी तारीख आली. हनीफभाईंनी मला पिशवीतून काढून कोर्टासमोर ठेवलं. वकील तेच होते आणि तयारीचे होते. ते हसून म्हणाले, "मोहर घरी होती हे तुम्ही म्हणता. मधे ठाण्यात नेली नाही कशावरून? तुमच्या बायकोखेरीज कुणी पाहिली?"

हनीफभाईंनी मागच्या बाकड्याकडं बोट केलं. "त्या बाईंना इचारा साहेब. दर मंगळवारी बघून जात्यात."

वकील ताडकन उठले. ही बाई साक्षीदारांच्या यादीत नाही, ती आत बसून सगळं ऐकत होती, तिचं आरोपीशी वैर आहे. सगळ्या हरकती खऱ्याच होत्या. न्यायाधीश बाईंनी त्या शांतपणे लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

मागच्या खटल्यात चतुराबाई जेवढ्या तारखांना आल्या, तेवढ्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या पदर सावरत पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ घेतली. मंगळवारचं सांगितलं.

वकिलांनी विचारलं, "बाई, तुमचा या खटल्याशी संबंध नाही. मोहर बघायला तुम्ही का जात होता?"

"मागल्या बारीला कुणी बघितलं न्हाई म्हणून," चतुराबाई म्हणाल्या. बांधावरून हाक मारावी तसा त्यांचा आवाज कोर्टभर गेला.

निकाल अजून लागायचा आहे. त्या हरकतींचं काय होईल, मला माहीत नाही. पण मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडं काहीतरी मागतात, तसं मीही मागते. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि ठाण्यातून पंच म्हणून बोलावणं येईल, तेव्हा पोटात दुखतं म्हणू नका. आणि मला जपा, असं मी म्हणणार नाही. पितळेला काही होत नाही. माझ्यावर नजर ठेवा.